सततच्या प्रवासासाठी डफल बॅग कशी निवडावी: बेळगाव सीमाभागातील प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मराठी घरांत प्रवास आता सणावारापुरता उरलेला नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी कोल्हापुरात शिकायला, सोयरीक गडहिंग्लज-चंदगडकडची, कामधंदा गोव्यात आणि सरकारी काम निघाले की बंगळूर, अशी विभागणी अनेक कुटुंबांत दिसते. शिवाय हा प्रवास सहसा एका वाहनात पुरा होत नाही. गावातून टमटमने तालुक्याला, तिथून बसने बेळगावला, पुढे रेल्वे किंवा रात्रीची ट्रॅव्हल्स आणि उतरल्यावर रिक्षा, असे सामान तीन-चार वेळा उचलावे आणि ठेवावे लागते.

अशा प्रवासात कडक कवचाची चाकांची सुटकेस बसच्या दोन सीटांमध्ये अडकून बसते आणि पाठीवरच्या सॅकमध्ये इस्त्रीच्या कपड्यांचा चुरगळा होतो. वर लांब चेन असलेली, मऊ अंगाची, हातात आणि खांद्यावर दोन्हीकडे धरता येणारी डफल बॅग या गरजेला चांगली उतरते. मात्र ती घेताना बहुतेक जण रंग आणि किंमत पाहून निर्णय घेतात, आणि पहिल्या पावसाळ्यातच पट्टा उसवतो किंवा चेन फाकते. माझ्या मते बॅग निवडण्याची खरी कसोटी एकच आहे: आपल्या प्रवासातला सर्वांत त्रासाचा टप्पा कोणता, आणि त्या टप्प्यावर ही बॅग कशी निभावेल. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर बेतलेली आहे.

पायरी 1: आपला मार्ग आणि आपले सामान कागदावर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी मागच्या काही प्रवासांची आठवण करून कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: किती रात्रींचा मुक्काम होता, कोणकोणती वाहने बदलली, बॅग उचलून किती अंतर चालावे लागले आणि परत येताना सामान किती वाढले. ही शेवटची बाब बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जाताना आपण कुंद्याचा डबा, चटणी, लोणच्याची बरणी, खानापूरकडचे घरचे तांदूळ असे काही ना काही नेतोच, आणि परतताना त्या जागी दुसरे काहीतरी येते. त्यामुळे केवळ कपड्यांच्या मापाने घेतलेली बॅग परतीच्या वाटेवर अपुरी पडते आणि हातात एक कापडी पिशवी वाढते.

मार्ग मांडला की अवघड टप्पा आपोआप दिसू लागतो. गोव्याला चोर्ला घाटातून जाणाऱ्याला कणकुंबीच्या परिसरातला पाऊस गाठतो; हा मलप्रभेच्या उगमाचा भाग आहे आणि पावसाळ्यात तिथे दिवसदिवस पाऊस थांबत नाही. निपाणीहून महामार्गावर उभे राहून गाडी पकडणाऱ्याला धावपळीत एका हाताने बॅग आत घ्यावी लागते. लोंढ्याला गाडी बदलणाऱ्याला सामानासह पूल चढावा-उतरावा लागतो. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली साध्या सरकारी बसमध्ये महिलांचा राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला, आणि तेव्हापासून बसला गर्दी वाढलेली असल्याने अनेकदा बॅग मांडीवर किंवा पायांशी घेऊन बसावे लागते. या प्रत्येक प्रवाशाला वेगळी बॅग योग्य ठरेल. पहिल्याने पाणी अडवणाऱ्या कापडाकडे, दुसऱ्याने मुठींकडे, तिसऱ्याने वजनाकडे आणि गर्दीच्या बसने जाणाऱ्या स्त्रीने आकाराकडे आधी पाहावे.

पायरी 2: लिटरचा हिशेब स्वतः करा

बॅगेच्या चिठ्ठीवर 35 लिटर, 45 लिटर असे आकडे असतात, पण प्रत्येक उत्पादक बाहेरचे खिसे त्यात धरतो की नाही याला एकच पद्धत नाही. म्हणून टेप घेऊन स्वतः मोजणे उत्तम. चौकोनी तळाच्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात. 50 सेंमी लांब, 28 सेंमी रुंद आणि 25 सेंमी उंच बॅग म्हणजे 35 लिटर. गोल नळकांडी आकाराच्या बॅगेत टोकाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ लांबीने गुणावे. 28 सेंमी व्यासाची आणि 52 सेंमी लांबीची गोल बॅग साधारण 32 लिटरची भरते. बाहेरून दोन्ही सारख्याच वाटतात, पण गोल बॅगेत कडेची जागा निमुळती होत गेल्याने घडी घातलेले कपडे आणि डबे तितके नीट बसत नाहीत. घडीचे कपडे नेणाऱ्याने चौकोनी तळाचीच बॅग घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याला किती लिटर लागतील हे ठरवण्याची सोपी रीत घरीच करता येते. किराण्याच्या दुकानातून एक पुठ्ठ्याचे खोके आणावे, नेहमीच्या प्रवासाचे सगळे कपडे, टॉवेल, चप्पल, प्रसाधनाची पिशवी आणि डबा त्यात रचावा, आणि सामान जिथवर पोचले तिथवरची मापे घ्यावीत. ते 45 बाय 30 बाय 20 सेंमी भरले तर 27 लिटर झाले. त्यात परतीच्या सामानासाठी चौथा हिस्सा मिळवला की 34 लिटरच्या आसपास बॅग लागेल हे कळते. साधारणपणे एक-दोन रात्रींसाठी 30 ते 35 लिटर, तीन ते पाच दिवसांसाठी 40 ते 45 लिटर आणि आठवड्यासाठी 55 ते 60 लिटर पुरतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना किंवा दोन माणसांचे कपडे एकत्र नेणाऱ्या जोडप्यालाच 70 लिटरच्या पुढे जाण्याचे कारण असते.

मोठी घेतली तर सगळीकडे चालेल, हा विचार डफल बॅगेच्या बाबतीत फसवा आहे. अर्धी रिकामी मऊ बॅग मधोमध वाकते, सामान एका टोकाला घसरते आणि चालताना ते टोक गुडघ्यावर आपटत राहते. शिवाय जागा आहे म्हटल्यावर ती भरली जातेच. लांबी 55 सेंमीच्या आत असेल तर बसच्या वरच्या फळीवर बॅग आडवी राहते आणि वाटेच्या बाजूला तिचे टोक बाहेर येत नाही.

विमानाने जाणाऱ्यांनी एक माप पाठ ठेवावे. इंडिगोसारख्या देशांतर्गत कंपन्यांत हातातल्या बॅगेची मर्यादा 7 किलो आणि 55 बाय 35 बाय 25 सेंमी अशी असते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या विमानांत एटीआर आणि एम्ब्रेअर यांसारखी लहान विमानेही असतात आणि त्यांतले डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानांपेक्षा बरेच लहान असतात. तिथे चाकांची कडक बॅग अनेकदा विमानाच्या दाराशी काढून घेऊन खाली ठेवली जाते, मऊ डफल बॅग मात्र दाबून आत बसवता येते. रेल्वेत वजनाची अडचण सहसा येत नाही, कारण शयनयान आणि वातानुकूलित तीन-स्तरीय डब्यात 40 किलोपर्यंत सामान मोफत नेता येते. तिथे प्रश्न असतो तो खालच्या बर्थखाली बॅग सरकण्याचा, आणि त्या बाबतीत मऊ बॅगेला तोड नाही.

पायरी 3: रिकाम्या बॅगेचे वजन आणि चाकांचा मोह

चांगल्या मध्यम डफल बॅगेचे रिकामे वजन पाऊण ते सव्वा किलोच्या दरम्यान असावे. चामड्याची किंवा चाकांची बॅग रिकामीच दोन ते तीन किलो भरते, म्हणजे विमानाच्या 7 किलोंपैकी मोठा वाटा आधीच संपतो. दुकानात वजनकाटा नसला तरी दोन बॅगा दोन हातांत धरून फरक लगेच कळतो.

चाके उपयोगी पडतात ती गुळगुळीत फरशीवर. आपल्याकडच्या बसस्थानकांची आवारे, फलाटांच्या कडा, पेठांतले खडबडीत रस्ते आणि खेड्यातली मातीची वाट इथे ती उचलूनच न्यावी लागतात, आणि मग चाकांचा सांगाडा हे नुसते ओझे होते. तो सांगाडा तळाशी काही लिटर जागाही खातो. तरीही ज्यांना खांदा, मान किंवा कंबर यांचे दुखणे आहे आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः रेल्वेचा आहे, त्यांनी चाकांची डफल बॅग जरूर घ्यावी. दुखऱ्या खांद्यावर ओझे टाकण्यापेक्षा थोडे वजन वाढलेले परवडते. इतरांनी भरलेली बॅग आठ-नऊ किलोंच्या पुढे जात असेल, तर पाठीवर घेण्याचे दोन पट्टे असलेला प्रकार पाहावा. एका खांद्यावरचे ओझे शरीर एका बाजूला ओढते, दोन पट्ट्यांत ते वाटले जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

पायरी 4: कापड

या पायरीवर घाई करू नये, कारण बॅगेचे आयुष्य मुख्यतः इथेच ठरते. बाजारात प्रामुख्याने पॉलिस्टर, नायलॉन, सुती कॅनव्हास, ताडपत्रीसारखे लेपाचे कापड, रेक्झिन आणि चामडे हे प्रकार मिळतात.

पॉलिस्टर आणि नायलॉनच्या चिठ्ठीवर 'डी' अक्षरासह एक आकडा असतो, तो डेनिअरचा. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. म्हणजे 600 डेनिअरचा धागा 9000 मीटरला 600 ग्रॅम भरतो. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. रोजच्या प्रवासाच्या बॅगेला पॉलिस्टर असेल तर 600 डेनिअरपेक्षा कमी घेऊ नये. नायलॉन त्याच जाडीला घासण्याला अधिक टिकते, म्हणून 420 डेनिअरचे चांगल्या विणीचे नायलॉनही चालते आणि 840 किंवा 1000 डेनिअर म्हणजे ट्रॅव्हल्सच्या डिकीत वर्षानुवर्षे घासून निघाले तरी न फाटणारे कापड. उन्हाच्या बाबतीत मात्र पॉलिस्टर सरस आहे. नायलॉन सतत उन्हात राहिले की कमकुवत होते आणि पाणीही थोडे अधिक धरते. नुसत्या आकड्यावर विसंबू नये. कापड दिव्यासमोर धरून पाहावे. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर वीण विरळ आहे असे समजावे.

पाणी अडवते ते कापडाच्या आतल्या बाजूचा लेप. बॅग थोडी उलटी करून अस्तराच्या आत बोट घालून पाहिले की हा लेप रबरासारखा हाताला लागतो. पॉलियुरेथेनचा लेप हलका असतो, पण दमट आणि उष्ण हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, आंबूस वास सोडतो आणि पापुद्रे धरून निघू लागतो. खानापूर, जांबोटी, चंदगड या बाजूला पावसाळ्यात कपाटातसुद्धा ओल असते, तिथे हे लवकर घडते. पीव्हीसीच्या लेपाची ताडपत्री जड आणि दिसायला जराशी राकट, पण घाटातल्या पावसात तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' यांत फार अंतर आहे. पहिल्यात थोड्या सरींपुरते संरक्षण असते, कारण पाणी कापडातून आले नाही तरी शिवणीच्या सुईच्या छिद्रांतून आणि चेनच्या दातांतून आत शिरते. खरोखर पाणीबंद बॅगेच्या शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या असतात. ती बॅग महाग पडते. त्यापेक्षा साध्या चांगल्या बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी पसरून त्यात कपडे भरणे आणि तिचे तोंड पिळून दुमडणे, हा उपाय अत्यंत स्वस्त आहे आणि कणकुंबीच्या पावसातही कपडे कोरडे ठेवतो.

सुती कॅनव्हास दिसायला सर्वांत सुरेख, आणि जुना होईल तसा त्याला अधिकच रूप येते. अथणी, चिकोडी अशा कोरड्या बाजूला राहणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा. पाऊसपट्ट्यात मात्र तो पाणी शोषून जड होतो, वाळायला वेळ घेतो आणि त्याला बुरशी धरते. रेक्झिन आणि कृत्रिम चामड्याची बॅग सततच्या प्रवासासाठी घेऊच नये; मुठीजवळ आणि कोपऱ्यांवर तिचे कवच सोलवटते आणि एकदा सोलवटले की त्यावर दुरुस्ती नाही. खरे चामडे टिकाऊ असले तरी पावसाळ्यात त्याची सततची निगा घ्यावी लागते, म्हणून ते मुठीपुरते आणि पट्टीपुरते असलेले बरे.

पायरी 5: चेन आणि रनर

जुन्या पेठेत बॅगा दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराजवळ थोडा वेळ उभे राहिले तर एक गोष्ट लक्षात येते: त्याच्याकडे येणाऱ्या बॅगांपैकी फाटलेल्या थोड्या आणि चेन बिघडलेल्या फार. 'चेन चांगली आहे, रनर गेलाय,' असे तो बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगतो, आणि ते खरे असते. चेन मागून फाकते तेव्हा दात सहसा शाबूत असतात. दात एकमेकांत बसवणारा रनर झिजून सैल झालेला असतो. रनर बदलणे थोडक्यात होते, पूर्ण चेन बदलण्यासाठी मात्र बॅग उसवावी लागते.

चेनला आकाराचे क्रमांक असतात आणि ते मिटलेल्या दातांच्या मिलिमीटरमधल्या रुंदीशी ढोबळमानाने जुळतात. मुख्य तोंडाला 8 किंवा 10 क्रमांकाची चेन हवी. 5 क्रमांकाची बाहेरच्या खिशांना ठीक. मोठी बॅग आणि तिला बारीक चेन दिसली तर तिथेच ती खाली ठेवावी. वळणदार तोंडाला गुंडाळीच्या दातांची नायलॉन चेन चांगली वळते. प्लॅस्टिकच्या सुट्या मोठ्या दातांची चेन धूळ आणि चिखल सहन करते, पण तिचा एक दात तुटला की सगळी चेन निकामी होते. धातूची चेन दिसायला भारदस्त असली तरी गोवा-कारवारच्या खाऱ्या हवेत ती काळवंडते आणि घट्ट होते. वायकेके या जपानी कंपनीचे नाव रनरवर कोरलेले असते, पण नकली रनरांवरही ते आढळते, म्हणून नावापेक्षा हाताला काय जाणवते ते महत्त्वाचे मानावे.

तपासणी अशी करावी. बॅग रिकामी असताना चेन कोणतीही असो, ती सरळ जातेच. म्हणून बॅगेत दुकानातलेच सामान ठासून भरायला सांगावे आणि मग एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न देता, चेन टोकापासून टोकापर्यंत ओढावी. कोपऱ्यावर ती अडखळते का, अस्तराचे कापड दातांत अडकते का हे दोन-तीन वेळा पाहावे. तोंडाला दोन रनर हवेत आणि दोन्हींच्या कड्या एकमेकींजवळ आल्यावर त्यांत लहान कुलूप बसायला हवे. कुलपाने खात्री वाटते, पण नायलॉनची चेन बॉलपेनचे टोक खुपसूनही उघडता येते, म्हणून दागिने, रोकड आणि कागदपत्रे बॅगेत न ठेवता अंगाजवळच ठेवावीत. रेल्वेत खालच्या बर्थखाली साखळी बांधण्यासाठी कड्या असतात. बॅगेच्या टोकाला शिवलेली मजबूत मूठ असेल तर साखळी तिच्यातून ओवता येते.

पायरी 6: पट्टे, मुठी आणि शिवण

हाताच्या मुठींचा पट्टा बॅगेच्या पोटाखालून पूर्ण वळसा घालून आलेला असावा. तसा असेल तर वजन पट्ट्यावर येते. नुसता वरच्या कडेला शिवलेला असेल तर सगळा भार चार टाक्यांवर पडतो. जिथे पट्टा कापडाला शिवलेला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण दिसली पाहिजे. पट्ट्याची रुंदी 38 मिमीच्या आसपास असली तर बोटांना रुतत नाही. दोन्ही टोकांना आडव्या मुठी असतील तर बसच्या फळीवरून किंवा डिकीतून बॅग ओढून काढणे फार सोपे जाते, आणि महामार्गावर घाईने चढणाऱ्यांनी या मुठींशिवाय बॅग घेऊ नये.

खांद्याचा पट्टा काढता येणारा आणि लांबी कमी-जास्त होणारा असतो. तो ज्या कडीत अडकतो ती कडी आणि फिरणारा हूक धातूचा हवा. भरलेल्या बॅगेला बसच्या धक्क्यात प्लॅस्टिकचा हूक अचानक तुटतो. खांद्यावरची गादी पुरेशी रुंद आणि खालून रबरी पकड असलेली निवडावी. साडी नेसून प्रवास करणाऱ्या स्त्रियांसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण रेशमी किंवा गुळगुळीत पदरावरून साधा नायलॉनचा पट्टा सतत घसरतो. त्याचबरोबर हुकाच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात. कड खरखरीत असेल तर शहापूर-वडगावच्या मागावरच्या साडीचा धागा त्यात हमखास ओढला जातो, आणि जरीकाठ असेल तर ते नुकसान भरून येत नाही. पट्टा लावून उभे राहिल्यावर बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या थोडा खाली यावा; त्याहून खाली लोंबणारी बॅग प्रत्येक पावलाला मांडीवर आदळते.

आतून शिवणीवर कापडी पट्टी मारलेली आहे की कापलेल्या कडा तशाच सोडल्या आहेत, हेही पाहावे. उघड्या कडांचे धागे सुटत जातात आणि वर्षभरात शिवण सरकते. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड जरा ताणले असता टाके उघडे पडत असतील तर ती बॅग नको.

पायरी 7: आतली रचना

कप्पे जितके अधिक तितकी बॅग सोयीची, असे वाटते, परंतु प्रत्येक कप्प्यामागे कापड, चेन आणि वजन वाढते. एक मोठे पोट, आत एक चेनचा खिसा, बाहेर एक पटकन हाताला लागणारा खिसा आणि ओल्या वस्तूंसाठी एक पाणीबंद कप्पा एवढे पुरे. तो ओला कप्पा मात्र सोडू नये. जून ते सप्टेंबर छत्री, रेनकोट आणि ओला टॉवेल कुठे ठेवायचा हा रोजचा प्रश्न असतो. बुटांचा वेगळा कप्पा छान दिसतो, पण तो मुख्य पोटातलीच जागा घेतो, म्हणून बूट नेणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा. पॉवर बँक विमानात खाली जमा करायच्या सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. बाहेरचा खिसा तिच्यासाठी सोयीचा.

अस्तर फिकट रंगाचे असले तर काळी चार्जरची वायरसुद्धा लगेच सापडते. लोणच्याचे तेल सांडले तर ते ओल्या फडक्याने पुसता यावे. तळाशी कडक पत्रा किंवा पुठ्ठा असेल तर तो काढता येतो का पाहावे, कारण पुठ्ठा भिजला की कुजतो. पत्रा प्लॅस्टिकचाच हवा. कुंद्यासारख्या मिठाईचा डबा आडवा, सपाट आणि वर काही न ठेवता न्यायचा असेल तर असा पत्रा असलेला चौकोनी तळ फार उपयोगी पडतो.

पायरी 8: रूप

देखणेपणा ही दुय्यम बाब आहे असे मी मानत नाही. ज्या बॅगेकडे पाहून बरे वाटते तिची निगाही घेतली जाते, आणि कामाच्या बैठकीला, लग्नाला किंवा मुलाच्या कॉलेजात जाताना हातातली बॅग नीटनेटकी असावी ही इच्छा रास्तच आहे.

रंग निवडताना आपल्या मातीचा विचार करावा. खानापूरकडची तांबडी माती काळ्या आणि गडद निळ्या कापडावर पावडरीसारखी उठून दिसते, तर तपकिरी, विटकरी आणि मेंदी रंगावर ती लपते. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीचा चिखल उलट फिकट बदामी कॅनव्हासवर डाग पाडतो, तिथे काळा, राखाडी किंवा गडद निळा चांगला. डिकीत टाकायच्या बॅगेला पांढरा किंवा क्रीम रंग कधीच नको.

कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेली बॅग खेळाच्या मैदानावर शोभते, कचेरीत नाही. एकच गडद रंग, त्याला तपकिरी चामड्याच्या मुठी, जुनाट पितळी रंगाच्या कड्या आणि सरळ रेषेतली शिवण, एवढ्यावर बॅग सगळीकडे चालून जाते. आकारात रुंदीपेक्षा लांबी दुपटीच्या जवळ असली की ती डोळ्याला प्रमाणात वाटते. त्याहून लांब बॅग खेळाडूची दिसते आणि त्याहून आखूड बॅग डब्यासारखी.

पायरी 9: खरेदी

गणपत गल्ली, खडे बाजार किंवा निपाणी-चिकोडीच्या पेठेत बॅग घेण्याचा मोठा फायदा म्हणजे ती हाताळता येते. जाताना आपला नेहमीचा डबा, पाण्याची बाटली आणि चपलांचा जोड बरोबर न्यावा आणि बॅगेत प्रत्यक्ष ठेवून पाहावा. भरलेली बॅग खांद्यावर घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जाऊन यावे, पट्ट्याची कडी वजनाने सरकते का ते पाहावे, आणि एकदा बॅग नुसत्या टोकाच्या मुठीने उचलावी. आतल्या बाजूचा वासही घ्यावा. तीव्र रसायनाचा वास येत असेल तर तो कपड्यांना लागतो आणि सहज जात नाही. एखादा दुकानदार इतकी पारख करू द्यायला नाखूश असेल तर दुसरे दुकान गाठावे.

ऑनलाइन घेताना लिटरकडे न पाहता तिन्ही मापे आणि रिकामे वजन वाचावे, ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरी सामान भरून वरच्या सगळ्या चाचण्या कराव्यात. बिल जपून ठेवावे. हमी सहसा उत्पादनातल्या दोषापुरती असते, वापरातल्या झिजेला ती लागू होत नाही, हे आधीच वाचून घ्यावे. बाजारातली कोणतीच बॅग मापात बसत नसेल, तर ताडपत्री आणि कॅनव्हासच्या बॅगा शिवून देणाऱ्या कारागिराकडून हव्या मापाची करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. चेनचा क्रमांक आणि पट्ट्याची शिवण मात्र आपण स्वतः सांगावी.

घेतल्यानंतरची निगा

प्रवासाहून आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून उलटी झटकावी आणि चेनच्या दातांतली धूळ जुन्या दातांच्या ब्रशने काढावी. अडखळणाऱ्या चेनवर मेणबत्ती किंवा साबणाचा कोरडा तुकडा फिरवला की ती मोकळी होते. तेल लावू नये, त्याने धूळ चिकटते. रनर सैल झालाच तर पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबाव्यात, त्याने काही प्रवास निभावतात, आणि त्या अवधीत तो बदलून घ्यावा. बॅग वॉशिंग मशीनमध्ये धुवू नये, लेप निघतो. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत, तोंड उघडे ठेवून वाळवावी.

पावसाळ्यात बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर टाकण्याची सवय सर्वांत घातक आहे, कारण आत कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते आणि लेप चिकट होतो. त्याऐवजी आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ती उभी, हवेशीर जागी ठेवावी आणि ओल धरलेले कागद अधूनमधून बदलावेत. खांद्याचा पट्टा आणि हूक वर्षातून एकदा तपासावेत. पट्ट्याच्या कडेचे धागे पिंजारले असतील किंवा हुकाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर ते दोन्ही सुटे बदलता येतात. तळाचा लेप निघून कापडातून उजेड दिसू लागला, की ती बॅग लांबच्या प्रवासातून काढून आठवड्याच्या बाजारासाठी ठेवावी आणि नव्या बॅगेसाठी पुन्हा खोक्यात सामान रचून मापे घ्यावीत, कारण तोवर आपले मार्गही बदललेले असू शकतात आणि सामानही.